काटा वर जाऊ द्या

अशोक स्तंभापासून सोमेश्वरकडे जाणारा गंगापूर रोड हा आज नाशिकच्या सुस्थितीतल्या कुटुंबांचा रस्ता आहे. इथल्या वसाहतींमध्ये संध्याकाळी कराटे, तायक्वांदो, ज्युदोचे वर्ग भरतात आणि त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर जिम चालू असतात. दोन्हीकडे साधारण त्याच वयाची मुले-मुली घाम गाळतात, पण वजनाबद्दल त्यांच्या कानावर पडते ते अगदी उलट. स्पर्धा तोंडावर आली की वर्गातला सल्ला असतो, दोन किलो उतरव आणि खालच्या गटात खेळ, तिथे पदक हाती लागेल. जिममधला सल्ला असतो, दोन महिन्यांत पाच किलो चढव, आणि त्याच्या जोडीला पावडरचा डबा येतो. वाढत्या शरीराला काय हवे आहे, हा प्रश्न दोन्हीकडे मागे पडतो. माझे म्हणणे असे की लढतीचा खेळ शिकणाऱ्या मुलाचे वजन वाढणे हा त्याच्या तालमीचाच भाग आहे, डाव आणि दमसास यांच्याइतकाच महत्त्वाचा. ते वजन सावकाश, पोटभर खाऊन, पुरेसे झोपून आणि ताकदीचा व्यायाम करून वाढवावे, आणि वाढलेले शरीर ज्या गटात बसेल त्याच गटात खेळावे. हे साधे वाटते, पण आपल्या स्पर्धा, आपले प्रशिक्षक आणि आपण पालक नेमके याच्या उलट वागत आहोत, म्हणून ते पुराव्यानिशी मांडायला हवे.

पहिला पुरावा महाराष्ट्राच्या घरातलाच आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिम्पिकला गेले ते ५२ किलोच्या फ्लायवेट गटात. मॅटवरची कुस्ती त्यांना नवीन होती, तरी त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. चार वर्षांनी हेलसिंकीत ते उतरले ते ५७ किलोच्या बँटमवेट गटात, आणि तिथे त्यांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक जिंकले. त्यांना पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. बावीस ते सव्वीस या वयात हा मल्ल एक वजनगट वर चढला, हे मात्र फारसे बोलले जात नाही. वरचा गट धरला म्हणूनच पदक मिळाले, असे मी म्हणणार नाही. मधल्या चार वर्षांतला मॅटवरचा सराव आणि स्पर्धांचा अनुभव यांचा वाटा मोठा होता. पण खालच्या गटाला चिकटून राहिले तरच छोट्या चणीच्या मल्लाचा निभाव लागतो, हा समज त्यांच्या उदाहरणाने खोटा पडतो. अलीकडचा दाखला बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारे यांचा. २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ५७ किलो गटात सुवर्ण जिंकले आणि २०१९च्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवले ते ६१ किलो गटात. तो गट ऑलिम्पिकमध्ये नाही, म्हणून त्या पदकापुढची वाट अडली हे खरे. जागतिक पातळीवरच्या कुस्तीत चार किलोंनी त्यांचे काही बिघडले नाही, हेही तितकेच खरे.

आपल्याकडच्या तालमीला ही गोष्ट फार पूर्वीपासून कळलेली होती. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांपैकी सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या ‘मानसोल्लास’मध्ये मल्लांचे प्रकार, त्यांचा सराव आणि त्यांचा आहार यांचा विचार एकत्रच केलेला आहे. नाशिक जिल्ह्याचा तर या परंपरेवर खास हक्क आहे. निफाड तालुक्यातल्या कोठुरे गावचे बाळंभट दादा देवधर यांनी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मल्लखांबाला नवे रूप दिले. त्यांची साधना वणीच्या सप्तशृंगी गडावर झाली, असे परंपरा सांगते. मल्लखांब मुळात कुस्तीला पूरक व्यायाम. पकड, खांदे, पाठ आणि पोट यांना आपल्याच शरीराच्या भाराने ताकद देणारा, म्हणजे आज ज्याला ताकदीचा व्यायाम म्हणतात तोच. भगूरच्या बलकवडे व्यायामशाळेत घडलेले हर्षवर्धन सदगीर यांनी जानेवारी २०२०मध्ये महाराष्ट्र केसरीची गदा नाशिकला आणली, तेव्हा त्या व्यायामशाळेतली अनेक वर्षांची मेहनत फळाला आली. तालमीत मेहनत, खुराक आणि आराम या तीन गोष्टी एकाच वस्तादाच्या नजरेखाली असतात. पोरगा किती जोर मारतो, हे वस्ताद पाहतो तसा तो जेवला का, रात्री किती वाजता झोपला, हेही विचारतो. शहरातल्या वर्गांत हेच तुटले आहे. शाळा, मग शिकवणी, मग सव्वा तासाचा वर्ग, मग घरी गृहपाठ आणि नऊ-साडेनऊला जेवण. प्रशिक्षकाला मुलाची किक दिसते, ताट दिसत नाही. आईला ताट दिसते, पण वर्गात पोराने किती शक्ती खर्च केली, हे तिला कोणी सांगत नाही.

तो खर्च किती असतो, हे एकदा मोजून पाहावे. कराटे, तायक्वांदो, ज्युदो यांसारख्या खेळांत मध्यम वेगाने प्रत्यक्ष सराव चालू असताना शरीर विश्रांतीच्या सुमारे दहापट ऊर्जा खर्च करते, असे व्यायामशास्त्राचे प्रचलित कोष्टक सांगते. ६० किलो वजनाच्या मुलासाठी ते ताशी सुमारे ६०० किलोकॅलरी होतात. घरातल्या मध्यम आकाराच्या सहा पोळ्या म्हणजे साधारण तेवढीच ऊर्जा. आठवड्यातून पाच दिवस वर्गाला जाणारा मुलगा वर्गाला न जाणाऱ्या भावाएवढेच जेवत असेल, तर त्याचे वजन वाढणार कुठून? ‘याच्या अंगाला काही लागतच नाही’ असे म्हणून आपण त्याचे खापर त्याच्या प्रकृतीवर फोडतो. बहुतेक वेळा हिशोब चुकलेला असतो तो ताटात. शिवाय वाढत्या वयात उंची, हाडे आणि पौगंडावस्थेतले बदल यांनाही वेगळी ऊर्जा लागते. ती मिळाली नाही तर शरीर काटकसर करते, आणि ज्या गोष्टी त्या क्षणी जगण्यासाठी अत्यावश्यक नाहीत त्या मागे टाकते. स्नायू बांधणे हे त्यांपैकी एक.

दुसरी अडचण सरावाच्या स्वरूपातच आहे. १९८०मध्ये रॉबर्ट हिक्सन या अमेरिकी संशोधकाने दहा आठवड्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने फक्त ताकदीचा व्यायाम केला, दुसऱ्याने फक्त दमसासाचा आणि तिसऱ्याने दोन्ही. तिसऱ्या गटाची ताकद सुरुवातीला पहिल्या गटासारखीच वाढली, मग सातव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास थांबली आणि शेवटी घसरू लागली. तेव्हापासून ‘फार धावलास तर अंग धरणार नाही’ या समजाला विज्ञानाचा आधार मिळाला. पण पुढच्या चाळीस वर्षांतल्या अभ्यासांचे जे एकत्रित आढावे झाले त्यांचा निष्कर्ष इतका निराशाजनक नाही: दोन्ही व्यायाम नीट आखले आणि खाणे पुरेसे असले, तर स्नायूंची वाढ आणि कमाल ताकद यांना फारसा धक्का लागत नाही, झटक्याची ताकद मात्र थोडी मंदावू शकते, विशेषतः दोन्ही प्रकार एकाच सत्रात पाठोपाठ केले तर. लढतीच्या खेळाडूला झटका सर्वांत मोलाचा, म्हणून ही सूचना गंभीरपणे घ्यायला हवी. ताकदीचे दोन दिवस वेगळे ठेवावेत, किंवा निदान सकाळ-संध्याकाळ असे अंतर ठेवावे. त्या दोन दिवसांत हजार बैठका मारण्यापेक्षा भार वाढवत नेलेल्या मोजक्या बैठका, दोर चढणे, मुद्गल, मल्लखांब किंवा जिममधली वजने यांचा उपयोग अधिक. बैठकांची संख्या नुसती वाढवत नेली की त्यातून मुख्यतः दम वाढतो. वजने उचलल्याने मुलांची उंची खुंटते, ही भीती अजूनही घराघरांत आहे. बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेने देखरेखीखालचा, योग्य तंत्राचा ताकदीचा व्यायाम मुलांसाठी सुरक्षित असल्याचे स्पष्ट केले आहे. देखरेख हा त्यातला कळीचा शब्द आहे.

आता प्रथिने. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार सर्वसाधारण प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांवरच्या ४९ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात स्नायूंची वाढ साधारण १.६ ग्रॅमपर्यंत प्रथिनांबरोबर वाढत गेली आणि त्यापुढे फारसा फायदा दिसला नाही. म्हणजे ६० किलोच्या खेळाडूला रोज सुमारे ९६ ग्रॅम. शाकाहारी घरात हे जमत नाही, म्हणून डबा आणावाच लागतो, असे सांगितले जाते. ताट मांडून पाहू. अर्धा लिटर दूध सुमारे १७ ग्रॅम, सहा पोळ्या १९, दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळ १४, वाटीभर दही ६, मूठभर म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाणे १२, तितकेच फुटाणे १०, आणि ५० ग्रॅम सोयाबीन वड्या २५. बेरीज शंभराच्या वर जाते. घरात अंडी किंवा चिकन चालत असेल तर काम आणखी सोपे होते. यात किमती असे काहीच नाही. तालमीच्या खुराकाला इथे एक दुरुस्ती सुचवायला हवी, आणि ती आदरानेच. तुपात ऊर्जा भरपूर आहे, पण प्रथिने नाहीत. बदामापेक्षा शेंगदाण्यात प्रथिने थोडी जास्तच आहेत आणि किंमत कितीतरी कमी. बदाम न परवडणाऱ्या घरातल्या मुलाने स्वतःला खुराकाला मुकलेला समजण्याचे कारण नाही. डब्यांबद्दल एवढेच: २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय तपासणीत बाजारातल्या ३६ प्रथिन पूरकांपैकी सुमारे ७० टक्क्यांवर लिहिलेले प्रथिनांचे प्रमाण चुकीचे निघाले, काहींत बुरशीजन्य विषारी अंश आणि कीटकनाशकांचे अंशही सापडले. पावडर हे दुधातूनच काढलेले अन्न आहे, तिचा बाऊ करू नये; पण वाढत्या मुलाला तिची गरज आहे, हे आधी कोणीतरी ताट पाहून ठरवावे.

‘वजन वाढवा’ हा सल्ला आपल्या लोकांना सरसकट देणे धोक्याचे का आहे, हेही महाराष्ट्रातल्याच संशोधनाने दाखवले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांच्यासह एक छोटा, पण डोळे उघडणारा मजकूर लिहिला. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३, म्हणजे कागदावर दोघे सारखेच सडपातळ. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली. याज्ञिक यांच्या पुणे परिसरातल्या दीर्घ अभ्यासांनी दाखवले की ही ठेवण गर्भातच सुरू होते: आपली बाळे वजनाने लहान जन्मतात, पण त्यांच्यात स्नायू कमी आणि चरबी तुलनेने जास्त असते. दिसायला बारीक आणि आतून चरबीदार अशा या शरीरावर मधुमेहाचे सावट लवकर येते. म्हणून आपल्याकडे काट्यावर वाढलेला किलो कशाचा आहे, हे युरोपीय माणसापेक्षाही जास्त महत्त्वाचे. खाण्याचा मारा करून वजन वाढवले तर काय होते, याचे उत्तर नॉर्वेच्या अव्वल खेळाडूंवरच्या २०१३मधल्या अभ्यासात मिळते. ताकदीचा व्यायाम दोन्ही गटांना सारखाच होता. एका गटाला आहारतज्ज्ञांनी बरेच जास्त खायला लावले, दुसऱ्याने भुकेप्रमाणे खाल्ले. आठ ते बारा आठवड्यांनंतर पहिल्या गटाचे वजन जास्त वाढले, पण स्नायूंच्या वाढीत लक्षणीय फरक नव्हता. चरबी मात्र पहिल्या गटात १५ टक्क्यांनी आणि दुसऱ्यात ३ टक्क्यांनी वाढली. शरीर स्नायू आपल्या गतीने बांधते, घाई केली तर उरलेले चरबीत टाकते. त्यामुळे गरजेपेक्षा रोज ३०० किलोकॅलरींच्या आसपास जास्त आणि आठवड्याला शरीराच्या वजनाच्या पाव ते अर्धा टक्का, म्हणजे ६० किलोच्या खेळाडूसाठी दीडशे ते तीनशे ग्रॅम, एवढीच वाढ धरावी. तीही सलग वर्षभर होत नाही. ५२चे ५७ व्हायला म्हणूनच वर्षे लागतात, आणि तेवढी वर्षे देण्याची तयारी ठेवावी.

याच्या उलट जे चालते त्याकडे आता पाहू, कारण मला खरी काळजी तिथे वाटते. ६ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये विनेश फोगाटने एका दिवसात तीन कुस्त्या जिंकल्या, त्यातली एक तोवर जवळजवळ अजिंक्य मानल्या गेलेल्या युई सुसाकीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी ५० किलोच्या गटात तिचे वजन १०० ग्रॅम जास्त भरले आणि ती अपात्र ठरली. त्याच ऑलिम्पिकमध्ये ५७ किलोचा अमन सेहरावत उपांत्य फेरीनंतर रात्रभरात साडेचार किलोंहून जास्त वजन उतरवून कांस्यपदकाची कुस्ती जिंकला. देशाने विनेशसाठी हळहळ व्यक्त केली आणि अमनच्या जिद्दीचे कौतुक केले. दोन्ही भावना समजण्यासारख्या आहेत. पण अमनच्या त्या रात्रीमागे तज्ज्ञांचे अख्खे पथक होते. जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेच्या आदल्या रात्री जर्किन घालून धावणाऱ्या, पाणी सोडणाऱ्या, थुंकी टाकत बसणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलामागे कोणी नसते. शरीरातले दोन टक्के वजन पाण्यातून गेले तरी खेळ खालावू लागतो. ६० किलोच्या मुलासाठी ते अवघे सव्वा किलो. याहून पुढे काय होते, ते अमेरिकेने १९९७च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाहिले. वजन उतरवताना महाविद्यालयांतले तीन मल्ल काही आठवड्यांच्या अंतराने मरण पावले. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने सॉना आणि रबरी पोशाखांवर बंदी घातली, वजन करण्याची वेळ लढतीच्या अगदी जवळ आणली, आणि हंगामाच्या सुरुवातीला लघवीवरून शरीरातले पाणी तपासून व चरबी मोजून प्रत्येक मल्लाचे किमान वजन ठरवायला सुरुवात केली. त्या वजनाखाली खेळायची परवानगीच नाही.

मुलींच्या बाबतीत नुकसान आणखी खोलवर जाते. सतत कमी खाऊन जास्त सराव करणाऱ्या मुलींची पाळी अनियमित होते किंवा थांबते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात; आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४मध्ये या विकाराला खेळातली सापेक्ष ऊर्जा-कमतरता असे नाव देऊन तो मुलांमध्येही होतो हे मान्य केले. प्रौढपणी हाडांत जेवढे खनिज असते त्याचा सुमारे चौथा भाग उंची झपाट्याने वाढण्याच्या अवघ्या दोन वर्षांत जमा होतो. मुलींमध्ये ही वर्षे साधारण अकरा ते चौदा, मुलांमध्ये तेरा ते सोळा. आपल्या शालेय स्पर्धांचे १४ आणि १७ वर्षांखालचे गट नेमके त्याच वयाचे आहेत. ‘पाळी गेली म्हणजे सराव जोरात चालू आहे’ असे कोणी अभिमानाने सांगत असेल, तर तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

यावर आक्षेप आहेत, आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. पहिला प्रशिक्षकांचा: वजन वाढले की चपळाई जाते. चरबी वाढली तर जाते, हे खरेच. स्नायू वाढले आणि त्यांच्याबरोबर ताकदही वाढली, तर स्वतःचे शरीर हलवण्याची क्षमता टिकते किंवा सुधारते. आणि आठवड्याला दोनशे ग्रॅमची वाढ असेल तर रोजच्या सरावात तोल आणि वेळ साधण्याची सवय तिच्याबरोबरच जुळत जाते. चपळाई हरवते ती एका सुट्टीत पाच किलो चढवणाऱ्यांची. तायक्वांदोच्या बाबतीत मात्र मला या आक्षेपात तथ्य दिसते. तिथे पायाची पोच निर्णायक असते आणि वरच्या गटात जास्त उंच प्रतिस्पर्धी भेटतात. उंची वाढायची थांबलेल्या खेळाडूने तिथे आपल्या नैसर्गिक वजनाच्या जवळचा गट धरून राहणे शहाणपणाचे. वाढत्या मुलाला हा नियम लावता येत नाही, कारण त्याचे नैसर्गिक वजन अजून ठरलेलेच नाही.

दुसरा आक्षेप असा की कौशल्यापुढे आकार काय? लहान चणीच्या माणसाने मोठ्याला आडवे करावे, हे तर या कलांचे ब्रीद. त्या ब्रीदाची सर्वांत कठोर परीक्षा १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये झाली. ज्युदो पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आला होता, यजमान जपान होता, आणि खुल्या गटाच्या अंतिम फेरीत नेदरलँड्सच्या अँटोन गेसिंकने जपानच्या अकिओ कामिनागाला दाबून धरून हरवले. गेसिंक जवळपास दोन मीटर उंच होता आणि कौशल्यातही कमी नव्हता. कौशल्य बरोबरीचे झाले की आकाराचे पारडे जड होते, म्हणून तर वजनगट आले. कौशल्याचा आग्रह धरणाऱ्यांनी त्यातून एक निष्कर्ष काढावा: कौशल्यावर खरा विश्वास असेल, तर खालच्या गटात शिरून आकाराचा फायदा उपटण्याची धडपड सोडावी लागेल.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे आणि तो बहुधा गंगापूर रोडवरून येणार नाही. तो दिंडोरी, पेठ, सुरगाण्याकडून येईल. शालेय पदकातून दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पोलीस भरतीत त्याचा उपयोग होतो. ज्या घराला या पदकातून पहिली पगाराची नोकरी दिसते, त्या घराला ‘यंदा पदक जाऊ दे, अंग भरू दे’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे? माझ्याकडे याचे गोड उत्तर नाही. वरच्या गटातल्या पहिल्या वर्षी पदक जाऊ शकते. पण एकट्या खेळाडूकडून त्याग मागण्यापेक्षा नियम सर्वांसाठी बदलला, तर कोणाचेच नुकसान होत नाही. सगळेच दोन किलो उतरवून खेळतात तेव्हा पदकांचा क्रम फारसा बदलत नाही, सगळे अशक्त होऊन खेळतात एवढेच. किमान वजनाचा नियम लागू झाला की हीच मुले आपापल्या खऱ्या वजनाला एकमेकांसमोर येतील आणि क्रीडागुण होते तिथेच राहतील. आणि काही मुलांना वजन वाढवण्याची नव्हे, चरबी कमी करण्याची गरज आहे, हेही इथे नोंदवायला हवे. त्यांच्यासाठी तो वर्षभराचा कार्यक्रम असावा, वजनकाट्यापुढच्या शेवटच्या आठवड्याचा नाही.

हे करायला नाशिकला कोणाची वाट पाहावी लागत नाही. मराठा विद्या प्रसारक समाजाचे मुख्यालय गंगापूर रोडवरच आहे. याच संस्थेच्या शाळा जिल्हाभर आहेत आणि तिचेच वैद्यकीय महाविद्यालय आडगावला आहे. राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८पासून याच शहरात आहे. जूनमध्ये शाळा उघडल्यावर कुस्ती, ज्युदो, कराटे, तायक्वांदो, बॉक्सिंग खेळणाऱ्या मुलांची उंची, वजन, लघवीवरून पाण्याची तपासणी आणि चिमट्याने चरबीची मोजणी एकदा करून घेता येईल. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. त्यावरून प्रत्येकाचे त्या हंगामातले किमान वजन एका पत्रकावर लिहावे, पालक आणि प्रशिक्षक दोघांची सही घ्यावी, आणि पावसाळ्यातल्या तालुका व जिल्हा स्पर्धांत जिल्हा क्रीडा कार्यालयाने तेच पत्रक वजनकाट्याशेजारी तपासावे. वजन आदल्या दिवशी न करता लढतीच्या सकाळी करावे. मुलींच्या पत्रकात पाळीविषयीचा प्रश्न महिला डॉक्टरने विचारावा आणि उत्तर प्रशिक्षकापर्यंत जाऊ नये. स्पर्धांचा हंगाम संपल्यापासून पुढच्या जूनपर्यंतचा काळ वजन वाढवण्याचा. त्या काळात प्रशिक्षकाने महिन्यातून एकदा पालकांना बोलावून ताटाचा हिशोब करावा, आणि पुढच्या जूनमध्ये ज्याचा गट एकाने वर गेला असेल त्याचे नाव वर्गाच्या फलकावर पदक जिंकणाऱ्यांच्या शेजारी लिहावे.